कणीएवढं हाड

६ नोव्हेंबर २०२४

कंपनीने गेल्या वर्षी दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. वरची तारीख खोडून लिहिते आहे. बोलायचं म्हटलं की मला दर दोन वाक्यांना "काय?" विचारावं लागतं, आणि मग समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. इथे कोणाला काही विचारायला नको.

कैलासने आज ताटच आपटलं. कैलास म्हणजे माझे मालक. एरवी मी त्यांचं नाव घेत नाही, पण इथे कोण ऐकतंय. गाडीची चावी कुठाय म्हणून त्याने तीनदा विचारलं म्हणे. मी भाकरी थापत होते, पाठ त्याच्याकडे. ताट पडलं तेव्हा कळलं. मग तो माझ्यासमोर येऊन मोठ्याने म्हणाला, "कंपनीत बरं समदं ऐकू येतं तुला. तितं मशिनी धडधडत्यात तरी सुपरवायझरचं कळतं. घरात आली की कान जात्यात."

खोटं नाही ते. लाइनवर कॉम्प्रेसर चालू असतो, सगळे ओरडून बोलतात, आणि मला कळतं. घरात शांत असतं तर कळत नाही. हे असं कसं, माझं मलाच सांगता येत नाही. कधी वाटतं, घरात माझंच लक्ष नसतं की काय.

माझी लेक इनू झाल्यापासून वाढलंय एवढं खरं. आधी नुसतं पुसट यायचं. आता तिला अडीच वर्षं होतील आणि तिचा बोलण्याचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही. रडणं कळतं, तेही ती जवळ असली तर.

१४ नोव्हेंबर

आज इनू मला मम्मी म्हणाली.

मी अंगणात वेणी घालत बसले होते. ती समोर आली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली. आवाज नाही आला, पण ओठ मिटून उघडले ते मी नीट पाहिलं. एकदा मिटले की दोनदा ते कळलं नाही, एवढ्याशा तोंडाचं काय कळणार. सगळे हसले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई लीलाबाई, तोंडाला पदर लावून हसत होत्या. कैलासही हसला. किती दिवसांनी सगळं घर माझ्याकडे बघून हसलं. मीही हसले.

शुभदाताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी इनूला उचललं आणि आत नेलं. ताई माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नाही. मी कंपनीत असते तेव्हा इनूला त्याच बघतात. इनू त्यांना मोठी आई म्हणते. त्यांचं दुःख मला कळतं, पण माझ्या लेकीने मला एकदा मम्मी म्हटलं तर तेवढं तरी बघवायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहून ठेवते.

इनू न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लागली. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. मध्ये एक भिंत. ती आत रडत होती, दार वाजवत होती, आणि मी कण्या बाजूला काढत बसले होते. शुभदाताई खाचराकडून धावत आल्या. बांधावर ऐकू आलं म्हणे. त्यांनी दाराला खांदा दिला, कडी उपटली. मी मान वर केली तेव्हा त्या इनूला छातीशी धरून माझ्यासमोर उभ्या होत्या, दोघी घामाने ओल्या. इनूचा चेहरा काळानिळा पडला होता. मी हात पुढे केले तर ती ताईंच्या मानेत शिरली.

रात्री ताई कैलासशी बराच वेळ बोलत होत्या. माझ्याबद्दलच असणार. मग माझ्यासमोर बसल्या आणि तोंड जवळ आणून सावकाश म्हणाल्या, "कोमल, डॉक्टरला दाखव. मी येते संगती."

मी मान हलवली. त्यांना सोबत नेणार नाही. मी पोर सांभाळायला नालायक आहे हे डॉक्टरकडून लिहून घ्यायचंय की काय यांना.

३ डिसेंबर

तळेगावला जाऊन आले. कैलास आला होता. डॉक्टर बाई आहेत, अनसूया मॅडम. केस पांढरे, बोलताना तोंड माझ्यासमोर ठेवून बोलतात.

त्यांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा वाजवून कानापुढे धरला. अगदी पुसट आलं. मग तोच काटा कानामागच्या हाडाला टेकवला आणि डोक्यात देवळाची घंटा वाजली. मला रडूच आलं. मॅडम म्हणाल्या, "रडू नका. याचा अर्थ आतला कान चांगला आहे. वाट तेवढी अडली आहे."

मग काचेच्या खोलीत बसवून मशीनवर तपासलं. नंतर चित्र काढून सांगितलं. कानात तीन हाडं असतात. शेवटचं सगळ्यांत लहान, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, तांदळाच्या कणीएवढं. आवाज आला की ते हलतं आणि आवाज आत पोचवतं. माझ्या त्या हाडाच्या बुडाशी नवं हाड वाढलंय, त्यामुळे ते हलतच नाही. चौकटीत रंग सुकून दार बसावं तसं. दोन्ही कानांत, डाव्यात जास्त. ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. कागदावरून बघून लिहिलंय. बायकांना जास्त होतं, आणि कित्येकींचं बाळंतपणात वाढतं.

कैलासने विचारलं, "मग कंपनीत कसं ऐकू येतं?"

"गोंगाटात सगळेच आवाज चढवून बोलतात. तुम्हाला-मला तो गोंगाट आड येतो, यांना तो पोचतच नाही. चढवलेला आवाज तेवढा पोचतो. या आजारात असं होतं. आणि या पुटपुटतात अशी तुमची तक्रार असेल ना? यांना स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो. म्हणून हळू बोलतात."

कैलास खाली बघून चावीशी खेळत राहिला.

उपाय दोन. कानाला मशीन लावायचं, नाहीतर ऑपरेशन. त्यात ते अडकलेलं हाड काढून बारीक पिस्टन बसवतात. बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. शंभरात एखाद्याचा कान पूर्ण जातो, तेही मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन कंपनीच्या विम्यात बसतं. कैलास म्हणाला मशीन दिसतं, चांगलं नाही वाटत. मला दिसण्याचं काही नव्हतं, पण मशीन काढलं की पुन्हा तेच. मला इनूचा आवाज झोपेतही ऐकायचाय. मी ऑपरेशन म्हटलं.

"आईकडे कोणाला आहे का?" मॅडमनी विचारलं. आहे. माझ्या आईला. "मग मुलीलाही मोठेपणी होऊ शकतं. होईलच असं नाही. विशीत आली की तपासून घ्या."

घरी आल्यावर कैलासने आत्यांना हे सांगितलं. आत्यांच्या ओठांवरचा एकच शब्द मला कळला, "लग्नात." लग्नात हे लपवलं, असंच म्हणाल्या असणार.

१५ डिसेंबर, रविवार

लोहगडवाडीला आईकडे गेले. गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती. आई तव्यावरून मान वर करत नाही. पोरं समोर येऊन बोटं दाखवतात, दोन पिठलं-भाकरी, तीन ताक, आणि ती वाढते. तिच्या टपरीवर येणाऱ्यांना वाटतं म्हातारी तुसडी आहे. मलाही लहानपणी तसंच वाटायचं.

गर्दी ओसरल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "आई, तुला कधीपासून?"

तिला दोनदा विचारावं लागलं. आम्ही दोघी बहिऱ्या, दोघी हळू बोलणाऱ्या. कोणी बघितलं असतं तर हसलं असतं.

"तुज्या येळंपास्नं," ती म्हणाली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं. तुज्यामुळं झालं असं सांगू का लेकराला?"

मी तिला म्हटलं, तूही चल, ऑपरेशन नको तर मशीन लाव. तिने तवा पुसून ठेवला. "आता काय ऐकायचं ऱ्हायलंय," म्हणाली. निघताना माझ्या दोन्ही कानांवरून हात फिरवून बोटं मोडली.

९ जानेवारी २०२५

डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. भूल फक्त कानापुरती होती, मी जागी होते. आत कोणीतरी कागद कुरतडतंय असं वाटत होतं. मग एकदम, माळ्यावरचं झाकण सरकावं तसं काहीतरी उघडलं आणि आवाज आला. भांडी. कोणाच्या तरी चपला. आणि कानाजवळ मॅडम अगदी कुजबुजत, "कोमल, मी काय म्हणतेय?"

"मी काय म्हणतेय, असं म्हणताय," मी म्हणाले. त्या हसल्या. तेही ऐकू आलं.

मग कानात बोळा भरला आणि सगळं पुन्हा बंद.

१३ जानेवारी

उठलं की घर फिरतं. जिभेच्या डाव्या बाजूला तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव आहे. होईल कमी, असं सांगितलंय. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, नाक शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही. वजनात इनूही आली. ती आता ताईंजवळच झोपते. ताई मला वेळेवर गोळ्या देतात, डोक्याखाली उशा रचतात. माझ्याशी गोड वागून पोर आपली करून घ्यायची हीच वेळ आहे, हे त्यांना बरोबर कळतं.

२० जानेवारी

बोळा काढला.

मी हे सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

दवाखान्यातच बांगड्यांचा आवाज आला. माझ्याच होत्या. पिशवीचा प्लास्टिक कागद पत्र्यासारखा वाजत होता. रस्त्यावर कैलासने कानात कापूस घालायला लावला, तरी गाड्यांचे आवाज अंगावर येत होते. तळेगावपासून आमच्या नवलाख उंबरे गावापर्यंत मी त्याच्या पाठीमागे बसून हसत होते. त्याला वाटलं मी रडतेय. त्याने गाडी थांबवून विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, "तुमचा आवाज बसलाय जरा." तोही हसला. लग्नात हसला होता तसा.

तो गाडी लावायला मागे गेला. मी कापूस काढून अंगणात आले. इनू पायरीवर बसून बाहुलीला भात भरवत होती. मला बघितलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली. तिचा आवाज. थोडा घोगरा आहे. मला वाटलं होतं बारीक असेल, चिमणीसारखा. तसा नाही, खरखरीत आहे, माझ्या आईसारखा.

ती म्हणाली, "आई, बैली आली. बैली आली."

मी मागे वळून बघितलं. वाटलं, गल्लीतल्या कुत्रीचं नाव असेल.

आतून आत्यांचा आवाज आला. दबका नाही, नेहमीचा. "आली का भैरी? इचार तिला, चा घेती का."

इनू माझ्याकडे आली. माझ्याकडे बोट केलं. ओठ मिटून उघडले. "बैली, चा?"

शुभदाताई चुलीपासून उठून धावत दारात आल्या, तोंडावर हात. त्यांना कळलं मला ऐकू आलं ते.

मी चहा घेतला.

२१ जानेवारी

रागावून नाही म्हणत ती. लाडाने म्हणते. माझं नाव तेच आहे असं तिला वाटतं. काकाला काका म्हणतात, गाईला गाय, तसं मला.

कैलासला विचारलं, "घरात मला काय म्हणतात?"

"कोण?"

"सगळे. तुम्ही."

त्याने खिशातला मोबाइल काढून परत ठेवला. मग म्हणाला, "चेष्टेत म्हनत्यात गं. तुला कुटं ऐकू येत होतं?"

त्याला वाटलं याने माझं समाधान होईल.

२३ जानेवारी

सकाळी पडवीत होते. आत ताई इनूला समजावत होत्या. "बैली न्हाई म्हनायचं बाळा. किती येळा सांगितलं? मम्मी. म्हन, मम्मी."

"आई, बैली कुटं गेली?"

"मम्मी, राजा. मम्मी कुटं गेली, असं म्हन."

आता शिकवतायत. मला ऐकू यायला लागल्यावर.

आत्यांवर मला रागावता येत नाही, त्या म्हाताऱ्या आहेत. कैलासवर रागावले की त्याचा चेहरा लहान पोरासारखा होतो. पण इनूने "आई" म्हटल्यावर ताईंनी "ओ" दिली, ती रोज किती वेळा दिली असेल. मला वाटायचं, ती यांना मोठी आई म्हणते. नुसतं आई म्हणते हे मला कधी दिसलंच नाही. ओठ मिटतच नाहीत त्या शब्दाला.

२ फेब्रुवारी

बोलले आज.

ताई अंगणात दगडावर कपडे आपटत होत्या. मी म्हणाले, "तुम्ही तिला आई म्हणायला लावलंत."

"मोठी आईच शिकवलं हुतं. मोठी तिला म्हनता येईना. मग नुसतं आई ऱ्हायलं."

"तुम्ही सुधारलं नाहीत."

त्या कपडे पिळत राहिल्या.

"आता मला ऐकू येतं," मी म्हणाले. "आता तिला हाक मारायला मी आहे."

माझा आवाज मोठा आला. पूर्वी माझा आवाज मोठा येत नसे.

त्यांनी हात पुसले. "बरं," म्हणाल्या. "उद्यापासनं काकू म्हनंल."

१० फेब्रुवारी

इनू काकू म्हणत नाही. आई म्हणूनच हाक मारते आणि ताई ओ देत नाहीत. दुपारी ती त्यांच्या मागे मागे फिरत होती. आई. आई. ताई पाठ करून उभ्या, भांडी घासत होत्या, जसं काही ऐकूच येत नाही. इनूने पदर ओढला तेव्हा वळल्या आणि म्हणाल्या, "काकू म्हन." इनूने त्यांच्या तोंडाकडे नुसतं बघितलं.

बरोबरच केलं त्यांनी. मीच सांगितलं होतं. तरी मला त्या पाठीकडे बघवेना, उठून आत आले.

१९ फेब्रुवारी

निलेशभाऊजी, म्हणजे ताईंचे मालक, लोणावळ्याला एका बंगल्यावर राखणीला लागतायत. राहायला मागे खोली आहे. गेल्या वर्षीच बोलावणं आलं होतं म्हणे, तेव्हा ताईंनी जाऊ दिलं नव्हतं. आता त्या स्वतःच चला म्हणाल्या.

आत्या मला म्हणाल्या, "घर मोडलंस." मी ऐकू न आल्यासारखं केलं. सवय आहे.

१ मार्च

ताई गेल्या.

टेम्पोत एक कपाट, दोन ट्रंका आणि गॅस. इनूला कैलासने मळ्याकडे नेलं होतं, तिने बघू नये म्हणून. ताईंनी आत्यांच्या पाया पडून झाल्यावर माझ्याकडे येऊन मला जवळ घेतलं. मला वाटलं नव्हतं त्या जवळ घेतील. त्यांचं तोंड माझ्या उजव्या कानाशी आलं आणि त्या काहीतरी म्हणाल्या. बरंच काही म्हणाल्या. एक-दोन वाक्यं तरी होती. श्वास मानेला लागत होता.

उजवा कान अजून तसाच आहे.

मला "काय?" विचारता आलं असतं. आयुष्यभर विचारत आले. आज विचारलं नाही. त्या मागे झाल्या, माझ्या तोंडाकडे बघत थोड्या थांबल्या, आणि मग टेम्पोत बसल्या.

११ मार्च

मॅडमनी तपासलं. डावा कान उत्तम आहे म्हणाल्या, जवळजवळ चांगल्या माणसासारखा. आलेख दाखवला, रेघ किती वर आलीय ते. "उन्हाळा संपला की उजव्याचं करू," म्हणाल्या. मी बघते म्हटलं. त्यांना नवल वाटलं असेल. बाहेर सगळ्यांना पेढे द्यायला पाहिजे होते, कैलासने आणलेही होते.

ताईंना फोन करून विचारता येईल, काय म्हणालात तेव्हा. दोनदा नंबर काढला. डाव्या कानाला लावला तर सगळं नीट ऐकू येईल. म्हणूनच करत नाही.

१६ मार्च, रविवार

आज सुट्टी. इनू आता मला मम्मी म्हणते. स्पष्ट म्हणते, दोन्ही वेळा ओठ मिटून. "मम्मी, पाणी द्या," असं. द्या म्हणते. पाहुण्यांशी बोलताना सांगतात तसं कोणीतरी शिकवलंय. मी दे म्हण, असं सांगितलं, तर पाणी न घेताच गेली.

दुपारी ती आतल्या खोलीत झोपली होती. मी दाराशी शेंगा सोलत बसले होते. ती उठल्याचं मला वाकळेच्या सरसरण्यावरून कळलं. असं कळायला लागलंय आता. मग तिचा झोपेतला, घोगरा आवाज आला.

"आई."

मी शेंगा खाली ठेवल्या.

"आई."

"ओ," मी म्हणाले.

ती वाकळेवर उठून बसली. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बाजूने वाकून माझ्या मागच्या दाराकडे बघितलं. दारात ऊन होतं फक्त. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने, लांब असलेल्या माणसाला मारतात तशी.

मी पुन्हा ओ दिली.